वाकायचे आठ सेकंद

तोयामा, ३ ऑगस्ट १९९१

चि. चिगुसास आशीर्वाद. तेही तुझ्या आईच्या आग्रहाखातर.

काल टीव्हीवर तुमच्या दूध कंपनीचे अध्यक्ष वाकून माफी मागत होते आणि बाजूला फाईल घेऊन तू! शेजारच्या ओकुमुरांनी आपल्या तोफूच्या दुकानात सगळ्यांदेखत विचारलं, साहेबांनी किती सेकंद वाकायचं ते तुमची लेकच शिकवते ना? मी तोफू कापता कापता थांबलो. तुमचं दूध पिऊन पोरं आजारी पडली आणि तू चोराला वाकायला शिकवतेस? खोट्याला रंग फासायचा, यालाच जनसंपर्क म्हणतात का? ओबोनच्या सणाला पितरांच्या दिव्यासमोर येऊ नकोस.

आईचा गुडघा बरा आहे.

तुझा बाप,
कांजिरो

ओसाका, ६ ऑगस्ट

ती. बाबांस नमस्कार, रागातच.

ओकुमुराकाकांना सांगा, आठ सेकंद. मीच मोजून घेतले. पण दूध बिघडल्याचं सोमवारी कळलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, आजच जाहीर करू. साहेब म्हणाले, तुमचं काम बातमी झाकायचं. तुम्हीही तेच म्हणता. मग तुमच्यात न् त्यांच्यात फरक काय? चार दिवस भांडले. ‘आम्हाला सोमवारीच ठाऊक होतं’ हे वाक्य वाचणार नसाल तर पत्रकारांना बोलावणार नाही, असं तोंडावर सांगितलं. त्या फाईलमध्ये माझा राजीनामा होता, बाबा. साहेबांनी ते वाक्य वाचलं, दूध दुकानांतून परत मागवलं गेलं. तुम्ही त्यांना वाकताना पाहिलंत, बोललेलं ऐकलंच नाहीत.

लोभ उरला असेल तर कळवा, नसेल तर आईकडून मागून घेईन.

चिगुसा

तोयामा, ११ ऑगस्ट

चि. चिगुसास आशीर्वाद, आईला न विचारता.

परवाचा तोफू आंबला होता. ओकुमुरांच्या नातवाला उलट्या झाल्या, आता बरा आहे. मी आईला दटावलं, गप्प बस, उन्हाळा आहे, पोरानं काहीही खाल्लं असेल. बोलून गेलो आणि तुझे साहेब आठवले. स्वतःचाच असा संताप आला की उरलेला तोफू फेकून दिला.

दुकानाच्या दारावर लावायला माफीचा कागद लिहिला. तू तपासावास म्हणून पाकिटातही घातला. मग ध्यानात आलं, तुझं उत्तर येईपर्यंत चार दिवस जातील. परत काढला, ‘उन्हामुळे’ हा शब्द खोडला आणि तसाच चिकटवला. मग ओकुमुरांच्या दारात जाऊन वाकलो. सेकंद मोजले नाहीत.

ओबोनला ये. दिवा तूच लाव.

बाबा