चार कॉम्प्युटर, एक मामा

४ जानेवारी, रविवार
प्रेरणाचा साखरपुडा ठरला. आठ फेब्रुवारी, सिडकोतला हॉल. मुलगा ऋतुराज, शांत आहे, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. लेकीनं निवड चांगली केली.

उमाचं एकच म्हणणं. सगळ्यात आधी दादाला सांगायचं, आणि ते मी सांगायचं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, कन्नड गावचे रामकिसनराव. आमच्या वास्तुशांतीपासून रुसून बसलेत. त्या दिवशी सगळ्यांना टॉवेल-टोपी झाली आणि नेमका सख्ख्या मेव्हण्याचा मान राहिला. चूक माझी नव्हती. यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती आणि मी घरी होतो.

उमा म्हणाली, आजच कन्नडला जाऊ, कुंकू-अक्षत देऊन संध्याकाळपर्यंत परत. एसटीनं दीड तास तर लागतो. मी म्हटलं, असं उठसूट पळून चालत नाही. आधी सिस्टिम. सगळे नंबर, तारखा, कामं सगळ्या कॉम्प्युटरवर एकदा सारखी झाली की या घरात पुन्हा कुणाचा मान राहून जायचा नाही.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं.

५ जानेवारी, सोमवार, जेवणाची सुट्टी
पाहणी केली. मी एकूण चार ठिकाणी सांडलेला आहे. शेंद्र्याच्या ऑफिसातला डेस्कटॉप, घरचा लॅपटॉप, प्रेरणाला दिलेला जुना लॅपटॉप आणि मोबाइल. डेस्कटॉपप्रमाणे माझा डेंटिस्ट गुरुवारी, लॅपटॉपप्रमाणे मंगळवारी. दाढ आज दुखतेय.

संकल्प: महिनाअखेरपर्यंत चारही ठिकाणी एकच मी.

१० जानेवारी, शनिवार
सिंक सुरू केलं. सगळं दुप्पट झालं. प्रेरणाचे साखरपुडे दोन, माझे वाढदिवस दोन. उमा म्हणाली, वय पण दुप्पट झालं का बघा. अडाणीपणाकडे दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी, सोमवार
दुप्पट काढलं. आता सगळं साडेपाच तास पुढं सरकलंय. शेजारच्या टेबलावरचे श्रीनिवास म्हणाले, कॉम्प्युटर लंडनच्या घड्याळावर चाललाय. सकाळी सहाचा मॉर्निंग वॉक साडेअकराला आला. आपणच बनवलेली सिस्टिम आपणच मोडली तर अर्थ काय? साडेअकराला कंपनीच्या आवारात तीन फेऱ्या मारल्या. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. मी हात केला. त्यांनी केला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
उमानं तिळाच्या वड्या केल्या. म्हणाली, सण आहे, गोड बोलायचं निमित्त आयतंच आहे, दादाला फोन लावा. कल्पना वाईट नाही. पण फोनबुक अर्धवट सिंक झालेलं. अशात फोन लावणं धोक्याचं.

मी घाबरतो असं तिला वाटतं. रामकिसनराव फटकळ आहेत हे खरं. चार माणसांत पाणउतारा करतात हेही खरं. पण घाबरण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न डेटाचा आहे.

वड्या सहा खाल्ल्या. दाढ.

१७ जानेवारी, शनिवार
मोठी झेप! सॉफ्टवेअरनं आपणहून सांगितलं की फोनबुकात सारखी नावं फार आहेत. मामा, मामा नवीन, मामा कन्नड, मामा करमाड, मामा घरचा. विचारलं, एकत्र करू का? मी म्हटलं, सगळेच कर.

आता आमच्या घराण्यात एकच मामा. त्याला पाच नंबर. फोटो जरा जुना वाटतो, पण त्या एका नोंदीकडे बघूनच समाधान होतं.

१८ जानेवारी, रविवार
फोन केला! उगाच पंधरा दिवस वाया घालवले. एकदम सोपं निघालं.

'मामा'वर बोट ठेवलं, पहिलाच नंबर लागला. मागं ट्रॅक्टरचा धडधडाट. मी वाटेत कुठं थांबलोच नाही, एका दमात साखरपुडा, तारीख, हॉल, सगळ्यांनी यायचं, मागचं विसरा, असं सगळं सांगून टाकलं. पलीकडून ओरडून उत्तर आलं की लई आनंद झाला, येतो, समदे येतो.

रामकिसनराव इतके विरघळतील असं वाटलं नव्हतं. नेहमी दाजी म्हणतात, आज चक्क अभ्या म्हणाले. राग गेला की माणूस एकेरीवर येतो. पोरीला घेऊन एकदा करमाडला या, असंही म्हणाले. कन्नडचा माणूस करमाडला कशाला बोलावतो? तिकडं जमीन घेतली असेल. विचारणं बरं दिसलं नसतं.

उमाला सांगितलं. ती देवापुढं जाऊन बसली. बराच वेळ उठली नाही. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते, म्हणाली, तुम्हाला उगाच बोलत होते मी.

हे वाक्य नोंदवून ठेवतो. चारही ठिकाणी.

२४ जानेवारी, शनिवार
गुलमंडीत खरेदी. उमानं दादासाठी शेला घेतला. दुकानदारानं वीस तरी उलगडून दाखवले. मी म्हटलं, एवढं काय बघतेस. म्हणाली, दोन वर्षांचा मान राहिलाय. टोपीही घेतली, माप डोक्यातच होतं तिच्या.

डेंटिस्टची वेळ येऊन गेली. नोंद लंडनला होती.

१ फेब्रुवारी, रविवार
आज बारीकसा घोळ. कामांच्या यादीत दोन नोंदी निघाल्या. एक 'मामांना आमंत्रण', शेजारी खूण केलेली. दुसरी 'मामांना आमंत्रण, कन्नड', बिनखुणेची. म्हणजे पुन्हा दुप्पट! सॉफ्टवेअरनं विचारलं, यातली कोणती ठेवू? काम झालंय हे मला माहीत, त्याला कुठून कळणार? बिनखुणेची काढून टाकली.

आणि काय सांगू, ती चारही ठिकाणांहून एकदम गेली. ऑफिसातून श्रीनिवासांना बघायला सांगितलं, रविवारी ओव्हरटाइमला होते, तिथूनही गेलेली! चार आठवड्यांत पहिल्यांदा एक गोष्ट सगळीकडे सारखी झाली. मला खरोखर भरून आलं.

उमा म्हणाली, दादाचा अजून उलटून फोन नाही, मीच लावू का? मी म्हटलं, नको. ठरलेलं पुन्हा उकरलं की लोकांना शंका येते. ते एवढं गोड बोलले, आता थेट हॉलवर भेटतील. तिनं ऐकलं. अलीकडे माझं ऐकते ती.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपार, हॉलमागची खोली
मामा आले आहेत.

करमाडहून, जीप भरून, दहा-बारा जण. कडूबा मामा. माझ्या आईचे भाऊ. ऐंशीच्या पुढचे, गुलाबी फेटा, हातात काठी. मला मिठी मारून म्हणाले, अभ्या, म्हातारपणी एवढ्या अगत्यानं कुणी फोन करत नाय रे.

उमा ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. जीप रिकामी झाली तरी ती जीपमागं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, सिस्टिमप्रमाणे मामा आलेत. यापेक्षा गप्प राहिलो असतो तर चाललं असतं.

तिनं रामकिसनरावांना लगेच फोन लावला. पाचपैकी कोणत्याच नंबरवर नाही. तिला तोंडपाठ असलेल्या नंबरवर. वाजत राहिला. गुरुजी दोनदा म्हणाले, मुलीचे मामा कुठं आहेत, वेळ चाललीय. प्रेरणा पाटावर बसून दाराकडं बघत होती. शेवटी कडूबा मामाच पुढं झाले.

शेला उमानं त्यांनाच दिला. टोपी बसली नाही. मोठी झाली.

९ फेब्रुवारी, सोमवार
उमानं सकाळी पिशवी भरली. मी विचारलं, कुठं? तिनं चपला घातल्या. मागोमाग स्टँडवर गेलो. कन्नडच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. वेरूळच्या उतारावर मी म्हटलं की मुळात नावं एकत्र करायचा तो पर्याय असा समोर द्यायलाच नको होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

रामकिसनराव ओसरीवर होते. मला वाटलं, आता फाडून खातील. त्यासाठी मी तयारी केली होती, तीन मुद्दे होते. पण त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

वहिनींनी उमाला आत नेलं. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं. साखरपुड्याचं यांना गावातल्या कुणाकडून तरी आधीच कळलेलं. रामकिसनरावांनी नवा सदरा शिवून घेतला होता. दाजीचा फोन आज येईल, उद्या येईल. काल सकाळी अंघोळ करून सदरा घालून ओसरीवर बसले. मोबाइल खिशात. साडेअकराची एसटी गेली तशी उठून सदरा काढून ठेवला. उमाचा फोन वाजला तेव्हा शेतात होते, मुद्दामच.

मग आतून फक्त रडणं ऐकू आलं. तिकडं दोघी, इकडं आम्ही दोघं.

रामकिसनरावांनी विचारलं की दाजी, शहरातून इथवर यायला किती येळ लागतो? मी म्हटलं, दीड तास. ते म्हणाले, व्हय. तेवढाच लागतो. आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

तीनपैकी एकही मुद्दा तिथं लागू झाला नाही.

निघताना उमा म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. मी विचारलं, कधी येशील? ती चुलीकडं वळली.

घरी आलो. दोन्ही लॅपटॉप उघडले, मोबाइल बघितला, ऑफिसात श्रीनिवासांना विचारलं. चारही ठिकाणी अगदी सारखं आहे. 'मामांना आमंत्रण: झाले.' एका अक्षराचा फरक नाही.

उमा कधी येणार, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही.