चुरगळलेले सात कागद

१४ जून, रविवार

आधी घडलं ते क्रमाने. मतं नंतर.

१. बाबांना आठशे यार्डांवर दहा गोळ्या झाडायच्या होत्या.
२. पहिल्या तीन निशाणाच्या फळीवर, मधल्या काळ्या वर्तुळात.
३. पुढच्या सातपैकी दोन फळीच्या कडेला. पाच फळीवरच नाहीत.
४. वारा तोच, रायफल तीच. प्रत्येक गोळीनंतर नळी ओल्या फडक्याने पुसली. मी शेजारी बसून पाहिलं.
५. नळीसमोरच्या गवतात मला गोळ्यांवर गुंडाळलेले सात कागद सापडले. चिंध्या नाहीत. लांबच लांब पट्टे, एका कडेला चुरगळलेले.
६. काडतुसं नेहमीप्रमाणे लॉइड हूपरने भरली. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

बस्स. यातून जो तो हवा तो अर्थ काढतोय.

क्लबच्या अध्यक्षाने, मर्लने, सगळ्यांदेखत काढला. हातात पॅनकेकची बशी, मिशीला पाक. बाबांविषयी म्हणाला, "एमेटची नजर गेली. थांबायचं कधी, ते माणसाला कळायला हवं." अध्यक्षाचं दुःख किती खरं, ते लगेच कळलं. राज्याच्या सामन्याला संघात बाबांच्या, चौथ्या जागी त्याचा पुतण्या तयारच आहे!

आपल्या नळीसमोरचे कागद आपण वेचायचे आणि कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना वाचायला ठेवायचे, ही इथली रीत. चाळीस वर्षांत बाबांनी ती चुकवलेली नाही. आज पिकअपमध्ये जाऊन बसले. कागद मी वेचले. टेबलावर ठेवले नाहीत. पाकिटात घातले, वर तारीख लिहिली.

१५ जून

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कागद मोजले. जाडी ठीक. कापही ठीक. म्हणजे चूक गुंडाळण्यात. गुळगुळीत शिशाच्या गोळीवर ओला कागद दोन वेढे घट्ट बसला पाहिजे. वाळला की कातडीसारखा. तरच नळीच्या आतल्या खाचांचा पीळ तो नीट कापतो आणि बाहेर पडताच त्याच्या चिंध्या होतात. सैल असेल तर घसरतो, चुरगळतो, आणि जाताना गोळीला धक्का देतो.

एवढं साधं आहे. पण क्लबातल्या म्हाताऱ्यांना साधं आवडत नाही. कुणी म्हणतं कागद जुन्या खातेवहीचाच हवा. कुणी म्हणतं अमावास्येला ओतलेलं शिसं मऊ राहतं. लॉइड कागद थुंकीने भिजवतो. पाण्याने का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "पाण्याला चव नसते, इंजिनियरीणबाई." एकोणीस वर्षं संघाची काडतुसं हा माणूस भरतोय. थुंकीवर.

१६ जून

बाबांकडे गेले होते. पेटीत पाच काडतुसं उरली होती, ती मागितली. "राहू दे ना, पोरी. झालं ते झालं." मी ती आणलीच.

नवीन शर्ट घातला होता, मोत्यासारख्या टिचबटणांचा. एकाहत्तराव्या वर्षी रोडिओतला काउबॉय पोरगा व्हायची हौस. बूटही बदललेत, विनानाडीचे. बोलता बोलता टीव्हीकडे बघत बसले आणि मांडीवर उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरतोय, फिरतोय. हवेत कागद गुंडाळत होते. या छंदाने माणसं किती वाया जातात त्याचा नमुना म्हणून नोंद.

१७ जून

पाचही गोळ्या काढून मोजल्या. कागदासकट व्यासात चार हजारांश इंचांचा फरक. लॉइडच्या वसंतातल्या गोळ्या माझ्याकडे आहेत, त्यांच्यात एकाचाही नाही.

आणि सांधा उलटा! कागदाची टोकं तिरपी कापतात, ती गोळीवर येऊन भिडतात आणि त्यांची एक तिरकी रेघ दिसते. लॉइडची रेघ उजवीकडे चढते. या पाचांची डावीकडे. म्हणजे कागद पालथा घेऊन उलट्या दिशेने गुंडाळला. दिशेने निशाण्यात फरक पडतो असं म्हातारे शपथेवर सांगतात. ते मला अजूनही भाकड वाटतं. पण एकोणीस वर्षं एकाच बाजूला फिरणारा हात एका पेटीपुरता उलटा का फिरावा? लॉइडची बाटली, दुसरं काय.

१८ जून

लॉइडच्या गॅरेजमध्ये गेले. आत गंधकाचा आणि मेणाचा वास. भिंतीवर नऊ वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, चित्र आवडलं म्हणून.

गोळ्या टेबलावर ओळीत ठेवल्या. त्याने चष्मा लावला, एकच उचलली, रेघेवर नख फिरवलं. बराच वेळ ती हातात होती.

"या तुम्ही गुंडाळल्या, लॉइडकाका?"

"पेटीवर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग माझ्या नावावर लिही."

प्यायला होतात का, असं सरळ विचारलं. तो हसला. म्हणाला, शेवटचा घोट घेतला तेव्हा तुला दात यायचे होते. मग कारण काय, विचारलं. तर म्हणे वय झालं, हात चुकला. आणि दारापर्यंत सोडायला आला तेव्हा: "तुझं मोजमाप चोख असतं, पोरी. आईवर गेलीस. ती पण मोजून झाल्यावरच बघायची."

म्हणे आईवर. चूक पकडली की यांना माणसाची आई आठवते.

१९ जून

समितीला तक्रार पाठवली. वरचे सहा मुद्दे, मोजमापाचा तक्ता, दोन्ही सांध्यांचे फोटो. निष्कर्ष: दोष काडतुसांचा, नेमबाजाचा नाही. बाबांची जागा कायम ठेवावी. भरणारा बदलावा. सोमवार, २२ जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावं.

बाबांना फोनवर सांगितलं.

"लॉइडला कशाला ओढलंस त्यात?"

म्हटलं, त्याने स्वतः कबूल केलंय.

"केलं असेल," म्हणाले. फोन ठेवला. आभार मानायची पद्धत आमच्या घरात कधीच नव्हती.

२२ जून

उत्तर आलं. दीड ओळ, तीन चुका. बाबा संघात राहणार. लॉइड बाद. मर्लच्या पुतण्याने पुढच्या वर्षी यावं.

शनिवारच्या सामन्याची काडतुसं मी भरणार. पाण्याने भिजवून.

२३ जून, मंगळवार

संध्याकाळी गोळ्या, कागद, काच, सगळं घेऊन बाबांकडे गेले. चाळीस गोळ्या. म्हटलं, अर्ध्या तुम्ही गुंडाळा, लवकर होईल. म्हणाले, तूच कर, मी बघतो. मी म्हटलं, नखरे पुरे, मला उद्या काम आहे.

बसले. पहिला कागद उचलला. भिजवला. काचेवर ठेवला, गोळी त्याच्यावर. उजवा हात पुढे आला आणि तिथेच राहिला. बोटं पुढे जाईनात. कागद गोळा झाला. दुसरा घेतला, तोही. मग त्यांनी तिसरा कागद उचलून पालथा केला आणि डाव्या हाताने सावकाश गुंडाळला. सैल.

मी ती गोळी घेतली. रेघ डावीकडे चढत होती.

"पेटी भरून हवी होती," म्हणाले. "लॉइडकडे तीनच तयार होत्या. उरलेल्या बारा मी म्हटलं मी करतो. बघायचं होतं मला, जमतंय का. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. बंदुकीची दारू भरली, पेटीवर आपलं नाव घातलं." मग म्हणाले, "रायफल धरली की हात थांबतो गं. खरंच थांबतो. शनिवारी बघशील."

कधीपासून, विचारलं. गेल्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून. बटणं तेव्हापासून लागत नाहीत. लॉइड सोडून कुणाला माहीत नाही. डॉक्टर? नाही. "डॉक्टर नाव देईल त्याला. मग मर्लला सांगायला लागेल."

सगळ्या चाळीस मीच गुंडाळल्या. ते समोर बसले होते, हात मांडीवर. अंगठा आपोआप तर्जनीवर फिरत होता. मी सात महिने दर आठवड्याला तो बघत होते. हवेत कागद नव्हताच.

२४ जून, सकाळ

समितीला एक ओळ: मुद्दा ६ चुकीचा होता, चूक माझी, लॉइडविरुद्धची तक्रार मागे घेते. कारण दिलेलं नाही.

दुसरी चिठ्ठी लॉइडच्या टपालपेटीत टाकली. इथे उतरवून ठेवते.

लॉइडकाका, माझ्या चाळीस गोळ्या सोबत आहेत. व्यास बरोबर आहे, पण शनिवारी बाबांनी तुम्ही गुंडाळलेल्याच झाडाव्यात असं मला वाटतं. कागदही ठेवलाय. थुंकीबद्दल हरकत नाही. बिलिंग्ज शहरातल्या मज्जातंतूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, मंगळवार ३० जून, साडेदहा. माझ्याबरोबर बाबा येणार नाहीत. तुमच्याबरोबर येतील. न्याल का? शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.