स्वेटर परत पाठवतोय

प्रिय आई,

तुझ्या धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. मी बरा आहे. खोकला जवळजवळ गेला.

स्वेटर मिळाला. लॉन्ड्रीतला मुकादम म्हणाला, "आईनं नवी लोकर आणलेली दिसते!" पण आई, मी इथं दिवसभर लोकांचे कपडे ओळखतो, तुझा स्वेटर ओळखणार नाही? उसवलेली लोकर कुरळीच राहते. तू स्वतःचा उसवून माझा विणलास. आता नाताळच्या उपासनेला पदर गुंडाळून कुडकुडत बसशील आणि कुणी विचारलं तर म्हणशील, "मला कुठं थंडी वाजते?"

म्हणून तो परत पाठवतोय. रागावलीस तरी चालेल. ज्या प्रभूनं आपल्यासाठी स्वतःला दिलं, त्यानं ते एकदाच दिलं आणि ते सगळ्यांना पुरलं. तू दरवर्षी त्यात भर कशाला घालतेस? आपल्या वाट्याला आभार मानणं आलंय, तेवढं उबेत बसून मान.

इस्त्रीच्या टेबलाशी मला ऊब भरपूर आहे. ताईचे पाय अजून सुजतात का?

स्वेटर तुला ढगळ होईल. बाह्या दुमड, पण घाल. पुन्हा इकडे धाडलास, तर मी पुन्हा तिकडे धाडीन. बघू कोण आधी दमतं.

तुझ्यावरच गेलेला,
हट्टी धाकटा