पूजेतला मायक्रोमीटर

२८ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. देशाच्या इतिहासात आपलं नाव येणार असेल तर निदान तारखा तरी बरोबर असाव्यात.
शत्रूचं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र आकाशातच गाठून पाडणारं नवं इंटरसेप्टर तयार होतंय. त्यातली एक रिंग सिन्नरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये बनते. बांगडीएवढीच. पण क्वालिटी इन्चार्ज मी. माझ्या सहीशिवाय रिंग बाहेर जात नाही. नाशिकला आमच्या सोसायटीत लोक मला मिसाइलवाले म्हणतात. मी कधी खोडून काढलं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी हत्यारांची पूजा. गेज, रिंगा मोजायचा मायक्रोमीटर, सगळं पाटावर. हळदकुंकू, झेंडू. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही, अशी मालकांची, म्हणजे गोरक्षशेठची, सक्त ताकीद.
दुपारी चारला त्याच शेठचा निरोप. साठ रिंगांचा लॉट आजच गेला पाहिजे, गाडी दारात उभी आहे. लेथवरचा निवृत्ती येऊन म्हणाला, साहेब, टूल झिजल्यावानी वाटतंय, मोजून घ्या बरं का. सतरा वर्षं हेच म्हणतोय. देवापुढचा मायक्रोमीटर उचलणार कोण? मागच्या लॉटचे आकडे घेतले, थोडे पुढेमागे केले, सही ठोकली. याला अनुभव म्हणतात.

१४ ऑक्टोबर
लॉट परत. अकरा रिंगा बसतच नाहीत. तिकडे चाचणी लांबली म्हणे.
शेठनी माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला. रिपोर्ट साफ हाय, म्हणाले, म्हणजे पॅकिंग करताना निवृत्तीनंच रिजेक्ट माल भरला. निवृत्ती माझ्याकडे बघत राहिला. मी फाइल चाळत होतो. फाइलीत काही नव्हतं.
शेठनी त्याला उद्यापासून घरी बसायला सांगितलं. उद्या पहिलं काम, शेठना खरं सांगणे.

१५ ऑक्टोबर
शेठ ओझरला गेलेले. नशिबापुढे कोणाचं काय चालतं.

१६ ऑक्टोबर
शेठ होते. पण मूड चांगला होता. बिघडवणं बरं दिसलं नसतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
संपदा चकल्या तळता तळता मोबाइल बघत होती. पूजेचा फोटो दाखवून म्हणाली, तुझा मायक्रोमीटर तर पाटावर आहे, मग त्या दिवशी रिंगा मोजल्यास कशाने? ही संरक्षण खात्याची गोपनीय बाब आहे, असं सांगून विषय संपवला. ती नुसतं 'बरं' म्हणाली. बायकोचं 'बरं' फार वाईट.
लाज वाटते. मनापासून वाटते. इथे लिहिलं म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं दिवाळीनंतर, सणासुदीत कशाला.

२७ ऑक्टोबर
आज सांगणारच होतो. केबिनमध्ये गेलो तर शेठनी दिवाळीची भेट पुढे केली. नवा मायक्रोमीटर, डिजिटल. तुमच्या रिपोर्टमुळं वर्कशॉपची इज्जत राहिली, म्हणाले. आभार मानून बाहेर आलो.

२ नोव्हेंबर, रविवार
नवा विचार. आधी निवृत्तीलाच सांगायचं, मग दोघांनी मिळून शेठकडे जायचं. फराळाचा डबा घेऊन सिन्नरला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, नवसाबाई, चहा टाकता टाकता सांगत होती, हे अजून रोज सकाळी डबा घेऊन निघत्यात, अन् दिवसभर स्टँडवर बसून येत्यात. गल्लीत कळाया नको म्हणून. मी चहा संपवला. अजून अर्धा कप घेता का, विचारलं. तोही घेतला.
निवृत्ती स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत शांतपणे म्हणाला, साहेब, मायक्रोमीटर पूजेत व्हता, मला ठाऊक हाय. शेठला बोललो नाय. म्हटलं, साहेब आपणहून सांगतील. आज त्याच्यासाठीच आले ना तुम्ही?
आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात समोर एसटी लागली. माझी गाडी आली, असं म्हणालो आणि चढलो.
निवृत्ती खिडकीखाली येऊन हात हलवत सांगत होता, साहेब, ही नाशिकची नाय, संगमनेरची हाय, उतरा. मी त्याला मानेनेच सांगितलं की मला तिकडेच जायचंय.
कंडक्टरकडून संगमनेरचं तिकीट घेतलं. तिथे माझं कोणी नाही.