डोलकाठीचे खांब

करी रोड, मुंबई
२८ मे १९९१

प्रिय रघुवीर,

पाकिटावरचं माझं वाकडं अक्षर तू ओळखलं असशील. पत्र फोडावं की तसंच ट्रंकेत टाकावं, असाही विचार केला असशील. नऊ वर्षांत मी तुला दिवाळीचं साधं कार्डसुद्धा धाडलं नाही, आणि आता एकदम जाडजूड पाकीट. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्यांदा पाकीट उजेडात धरून बघितलं असतं. पत्ता तुझ्या बहिणीकडून आणला. गिरगावात जाऊन जिना चढलो, तर सुनेत्राने मला दारातच उभं केलं आणि विचारलं, आता काय राहिलंय? मी चपला काढून तिथेच उभा राहिलो. शेवटी तिने पाणी दिलं आणि तुझा नाशिकचा पत्ता दिला. तुझे केस सगळे पिकले, असंही सांगितलं.

बातमी आपल्या क्लबची आहे. मार्च महिन्यात गिरणीच्या ऑफिसातून एक साहेब आला. नवा आहे, तू पाहिलेला नाहीस. बोलायला गोड, हातात गुंडाळी. ती उलगडली तर आत स्टेडियमचं रंगीत चित्र. वडाळ्याला मिठागराच्या बाजूला गिरणीची जागा पडून आहे म्हणे, तिथे हे स्टेडियम बांधून क्लबला द्यायचं. पाच हजार खुर्च्या, खेळाडूंना कपडे बदलायला खोल्या, न्हाणीघर, रात्री खेळायला दिवे. चित्रातल्या खुर्च्यांवर माणसंही काढली होती, सगळी सुटाबुटातली. आपल्या मॅचला सुटात आलेला माणूस मी एकच पाहिलाय, तोही वरातीतून वाट चुकून आलेला. साहेब म्हणाला, तुमच्यासारख्या जुन्या क्लबला हा खड्ड्यांचा तुकडा शोभत नाही.

तुला माहीत आहे, मी जन्माचा संशयी. वीस वर्षं गोलात उभा राहिलो, समोरचा डावीकडे बघतो आणि उजवीकडे मारतो, हे बघण्यातच जवानी गेली. त्यात कोळ्याची जात. मोठा मासा धरायचा असला की गळाला आमिष कधी स्वस्तातलं लावत नाहीत, हे लहानपणापासून ठाऊक. चाळीस वर्षांत ज्या गिरणीने आम्हाला एक नवा बॉल दिला नाही, तिला आज एकदम पाच हजार खुर्च्या का सुचाव्यात? आणि या खुर्च्या भरायच्या कुणी? आपली माणसं मॅच बघतात ती शिफ्ट सुटल्यावर, गोलाच्या मागे बसून, घरी चुलीवर भात ठेवून. ती वडाळ्याला कशी जाणार? नाकापेक्षा मोती जड.

पण पोरं भुलली. सगळ्यात पुढे माझाच रामू. तो आता कॅप्टन आहे. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि तुझी शिट्टी पळवायचा. त्याचंही खोटं नाही, रघुवीर. आपलं मैदान मापात कमी आहे, लीगची मॅच तिथे कुणी मान्य करत नाही. बॉयलरच्या बाजूची राख जमिनीतून वर येते. गेल्या वर्षी त्याचा घोटा तिथेच मुरगळला आणि सहा महिने गेले. तो म्हणतो, बाबांना खेळ नकोय, जुने खांब हवेत. आमचं घरात आठ-दहा दिवस बोलणं बंद होतं. जेवायला बसलो की मंजुळा नवऱ्याच्या आणि पोराच्या मध्ये बसायची.

आता खांबांचंच सांगतो. माझगावच्या बंदरात माझ्या बापाची होडी मोडीत काढली तेव्हा डोलकाठी कापून दोन खांब केले आणि शिडाची आडवी काठी वर टाकली, तो आपला पहिला गोल. दुसऱ्या टोकाचा गोल गिरणीच्या पाइपचा, त्याला कुणी कधी मान दिला नाही. दर वर्षी मृगाच्या आधी खांबांना मुशी माशाचं उग्र वासाचं तेल चोपडायचं, होडीला चोपडतात तसं. पहिल्या वर्षी तू नाकाला रुमाल बांधून आला होतास. नंतर सवय झाली. तुझ्या आईने मात्र ते कपडे कधी घरात घेतले नाहीत, गॅलरीत काढायला लावायची.

आणि तो कागद. आपल्या वेळच्या म्हाताऱ्या मॅनेजरला फुटबॉलचं वेड होतं. त्याने लिहून दिलं होतं की क्लबने स्वतःच्या लाकडाने उभा केलेला गोल मैदानावर उभा आहे तोवर मैदान क्लबचं. टाइम ऑफिसातला कारकून म्हणून तो कागद तूच टाइप केला होतास आणि सेक्रेटरी म्हणून दर वार्षिक सभेत तूच मोठ्याने वाचायचास. आम्ही कंटाळून जांभया द्यायचो. तू गेल्यावर कुणी वाचला नाही. पोरांना तो आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये साहेब परत आला आणि जाता जाता सहज म्हणाला, तुमचे ते ऐतिहासिक खांब तुम्हीच तुमच्या हातांनी काढून आणा, नव्या स्टेडियमच्या दारात काचेच्या पेटीत ठेवू. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र साहेबाच्या पायाकडे बघितलं. स्टेडियम अजून चित्रातच, पण खांब आत्ता काढायचे. तेही आम्ही, आमच्या हातांनी. तसाच क्लबची ट्रंक उघडायला गेलो. कागद सगळ्यात वर होता, प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या नीट. तो तसा ठेवून तू गेला होतास. इतकी वर्षं मी मनात धरून बसलो होतो की कागद तू गिरणीला देऊन टाकला असणार. ट्रंक उघडून बघायचे कष्टसुद्धा मी घेतले नव्हते.

कागद साहेबापुढे ठेवला. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, हा कागद ब्याऐंशी सालीच संपला. संपात मैदान ओस होतं, दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही, खांब सडून पडले, नंतर तुम्ही नवे उभे केले. परत आलो तेव्हा उभेच होते असं तुम्ही म्हणणारच, पण मधे ते पडले नव्हते हे सांगणारा कोण आहे?  फिरकलं कुणी नव्हतं, हे खरंच होतं. मैदान गिरणीच्या आवारात, वाट फक्त मेन गेटमधून. संपात गेट ओलांडायचं नाही, बॉल काखेत असला तरी नाही, हा ठराव आपणच केला होता. गेटवरचा वॉचमन धोंडू तेवढा आत असायचा, तो गावी जाऊन वारला.

ब्याऐंशीच्या मे महिन्यातला तो रविवार मला आजही दिसतो. मी नाक्यावर संपवाल्यांबरोबर उभा होतो. पांढरा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन तू आलास. धोंडूने गेटमधली छोटी दिंडी उघडली आणि तू आत गेलास. तास-दीड तासाने बाहेर आलास. कारकुनांना संपाची सक्ती नव्हती, तरी तू आमच्यासाठी घरी बसला होतास, म्हणून तर जास्त झोंबलं. वाटलं, शेवटी ऑफिसातला तो ऑफिसातलाच. संध्याकाळी सभेत मी तुला विचारलं. मैदानावर गेलो होतो, एवढंच तू म्हणालास. मी हसलो. आणि सगळ्यांपुढे जे बोललो ते तू विसरला नसशील, मीही नाही.

“गेट ओलांडलेल्याच्या हातचा बॉल आम्हाला नको.”

तू गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवलीस. ट्रंकेची चावी ठेवलीस. आणि गेलास. पुढे सगळे गेले तेव्हासुद्धा तू गिरणीत परत गेला नाहीस, हे मला कळलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण संशय एकदा घरात घेतला की तो पाट मांडून बसतो. त्र्याऐंशी संपता संपता आम्ही मैदानावर परत गेलो, तर खांब तसेच, काळेभोर, ताठ. मी सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं, बघा माझ्या बापाचं लाकूड, तेलाशिवाय दोन पावसाळे उभं राहिलं. कोळ्याचा पोर मी. बिनतेलाचं लाकूड पावसात काय होतं ते मला माहीत नाही? पण फुशारकीपुढे अक्कल गेली.

साहेब येऊन गेला त्या दिवशी घरी आलो आणि हेच मंजुळेला ऐकवत होतो. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, लाकूड काय देव आहे का? रघुवीरभावजी संपाची दोन्ही वर्षं तिच्याकडून तेलाचा डबा घेऊन गेले होते. धोंडूची नोकरी जाऊ नये म्हणून कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ तिच्याकडून घेतली होती. दुसऱ्या वर्षी, म्हणजे मी तुला हाकलल्यावरही, तू गिरगावातून आलास, डबा नेलास, आणि रिकामा डबा धुऊन परत दिलास. मी ओरडलो. नऊ वर्षं तू गप्प कशी बसलीस, म्हणून तिच्यावर ओरडलो. धोंडू जाऊनसुद्धा तीन वर्षं झाली. तिने सुरी खाली ठेवली.

“तुमी इचारलंत कदी?”

त्यानंतर मी जेवलो नाही. मला लाज वाटली, रघुवीर. अजून वाटते. आयुष्यभर ज्याच्या-त्याच्या पायाकडे बघत आलो आणि ज्याने माझ्या बापाची काठी राखली, त्यालाच फितूर म्हणालो. तुझ्या पिशवीत काय आहे एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. आणि वास तरी यायला हवा होता. नाक्यावरून तू माझ्या चार हातांवरून गेलास. पण राग नाकावर असला की वास कसला येणार?

इथवर वाचून तू म्हणशील, आलं लक्षात. हऱ्याला साक्षीदार हवाय. अडला म्हणून नऊ वर्षांनी प्रिय रघुवीर. तू असं म्हणशील हे मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण तुझ्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. तेलाचं कळल्यापासून तुला तार करून बोलावून घ्या, असं कमिटी सांगत होती. सुनेत्राकडून आणलेला पत्ता माझ्या खिशातच होता. मी कुणाला दिला नाही. साहेबाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण गरज उरलेली असताना तुला एक ओळ लिहायची नाही, असं मी ठरवलं. मैदान जाईल ही भीती होतीच. झोप लागत नव्हती.

परवा रविवारी व्यायामशाळेत सभा झाली, त्याच हॉलमध्ये, तेच टेबल. साहेबाने तोच प्रश्न टाकला. मी उभा राहिलो आणि ब्याऐंशी साली इथे कोण काय बोललं आणि खांबांना तेल कुणी लावलं ते सगळं सांगितलं. माझं नाव घेऊन, तुझं नाव घेऊन. जुन्यांनी माना खाली घातल्या. साहेब हसून म्हणाला, ऐकीव गोष्ट आहे. तेवढ्यात दारातून मंजुळा आत आली, बाजारातून थेट, टोपली कमरेला. आपल्या सभेला बाई आलेली ही पहिलीच. तिने साहेबाला सांगितलं की तेल तिने दिलंय, दोन्ही वर्षं. आणि नव्या लाकडाला एवढ्या पावसाळ्यांचा वास येत नसतो, खोटं वाटत असेल तर जाऊन हुंगून या. हॉलभर हशा पिकला. साहेब काही हुंगायला गेला नाही. चित्राची गुंडाळी करायला लागला. मतं पडली, अकरा विरुद्ध नऊ, मैदान सोडायचं नाही. रामूने माझ्या विरुद्ध हात वर केला. पण घरी येताना मंजुळेची टोपली त्याने घेतली, आणि रघुवीरकाकांची शिट्टी आता कुठे आहे, असं मला विचारलं.

तेव्हा रघुवीर, काम झालं. क्लबला तुझी साक्ष नको, सही नको, काही नको. म्हणून आज लिहायला बसलो. मी चुकलो, आणि ज्यांच्यापुढे तुला बोललो त्यांच्यापुढेच तसं सांगून आलो, एवढंच तुला कळवायचं होतं. शिट्टी माझ्याकडे आहे. साहेब पुन्हा येईल, दुसरं चित्र घेऊन येईल, याची मला खात्री आहे. ते मी बघून घेईन. मृग दहा दिवसांवर आलाय. काल सकाळी मी डावीकडच्या खांबाला तेल लावलं. उजवीकडचा तसाच ठेवलाय, डबा गोलाच्या मागे झाकून. रामू म्हणाला, पाऊस लवकर आला तर? म्हटलं, भिजू दे.

वाट बघणारा, तुझाच
हरेश्वर