पाहुणा सोमवारी जाणार

सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही असता तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं, आणि वर चार शब्द ऐकूनही घ्यावे लागले असते. आता तुम्ही नाही, म्हणून सकाळपासून मी स्वतःलाच विचारतेय आणि स्वतःचंच डोकं उठवतेय. प्रश्न साधा आहे. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची की जुनीच ठेवायची? डोळस माणसांना यात विशेष काही वाटत नाही. स्क्रीनवरची चित्रं जरा बदलतात, ते दोन दिवस कुरकुर करतात आणि मग विसरून जातात. तुमचं-माझं तसं नाही. कॉम्प्युटर आपल्याला कानाने दिसतो, आणि सिस्टीम बदलली की कानात बोलणारा माणूसच बदलतो.

मी अजून त्याच साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे, शेतकी विभागात, फोनच्या टेबलावर. नोकरी लागली तेव्हा तुम्हाला पेढे द्यायला आले होते तेच हे टेबल. आज शनिवार आहे, दुपारनंतर ऑफिस रिकामं झालंय. हंगाम अजून सुरू व्हायचाय, पण ऊसवाल्यांना धीर कुठला? आमची तोड कधी, टोळी कधी पाठवताय, म्हणून आत्तापासूनच फोन येतात. डाव्या कानाला हेडफोन, उजव्या कानाला फोन, असं माझं काम चालतं. समोरचा गाव आणि नाव सांगेपर्यंत माझी बोटं यादीत पोचलेली असतात. डावा कान ऐकतो, तोंड सांगतं. शेजारचे लोक स्क्रीनकडे बघून सांगतात, तरी माझ्या मागेच पडतात, आणि याचा मला गर्व आहे. तो का नसावा? एकदा कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमनी माझा हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढला. म्हणाल्या, "अहो ताई, हे तर फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं वाजतंय! यातलं तुम्हाला कळतं तरी काय?" मला सगळं कळतं. तुम्हीच शिकवलंय.

पहिला दिवस आठवतो. माळीवाड्याच्या स्टँडजवळ, सायकलच्या दुकानावर तुमची खोली. लाकडी जिना, त्याला एका बाजूला दोरी. पंक्चर काढायच्या सोल्यूशनचा वास वरपर्यंत येतोय. आई मला पाथर्डीहून एसटीने घेऊन आलीय आणि दारातच उभी आहे, आत यायला लाजतेय. तुम्ही माझ्या डोक्यावर हेडफोन चढवता, माझी बोटं कीबोर्डवर ठेवता आणि आमच्या गावाचं नाव लिहायला लावता. कानात कुणीतरी नाकातून, तुटक-तुटक, परक्या मुलखातल्यासारखं ते नाव उच्चारतं. मी फिसकन हसते. तुम्ही म्हणता, "हसू नको, पोरी. पाव्हणा हाय. लांबून आलाय, आपली भाषा त्याला नीट येत न्हाई. पन जे लिव्हलंय तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत न्हाई." तेव्हापासून त्या आवाजाचं नाव पाहुणाच पडलं. तुम्ही क्लास उघडताना मशीन लावायचात आणि मोठ्याने म्हणायचात, "बोला पाव्हणं." काष्टीच्या बाजारात वाढलेला माणूस तुम्ही. बाजारात आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायला शिकलो, असं सांगायचात. मशीनलाही तुम्ही तसंच ओळखत होतात.

त्या पाहुण्याची सीडी तुम्ही मला नोकरी लागल्यावर दिलीत. वर ब्रेलमध्ये त्याचं नाव टोचलेलं, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळलेलं. तेव्हापासून मशीनं बदलली, पण प्रत्येक मशीनवर मी त्याला बरोबर नेलं. आता मात्र गाडी अडली आहे. जुन्या सिस्टीमची दुरुस्ती तिच्या कंपनीने बंद केली, बाहेरून काही व्हायरस घुसला तर अडवणारं कोणी नाही. कारखान्याचा नवा प्रोग्रॅम, ज्यात आता तोडीची सगळी यादी असणार, तो जुन्या सिस्टीमवर उघडतच नाही. म्हणून सोमवारी सगळ्या मशीनमधलं जुनं पुसून नवी सिस्टीम घालणार आहेत. आणि पाहुणा नव्या सिस्टीमवर बोलत नाही. तो ज्यांनी बनवला त्यांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं. घरच्या मशीनवर तरी घालावा, तर तुमची सीडी आता कुठेच वाचली जात नाही. मॅडमनी दोन दुपारी खपून बघितलं. त्यांना दोष देता येत नाही, आणि दोष द्यायला कोणी नसलं की माझी चिडचिड दुप्पट होते.

मॅडमनी दुसरा रस्ताही सुचवला. "ताई, तुमचं मशीन हवं तर आहे तसंच ठेवू. फक्त त्याचं नेट काढावं लागेल. यादी त्यावर दिसणार नाही, पण तुमच्या शेजारी एक मुलगी बसवू, ती वाचून दाखवेल." चांगल्या मनाने म्हणाल्या, म्हणूनच मला जास्त राग आला. तेव्हा तुमचा तो दिवस आठवला. मशीन अडलं होतं आणि मी खालच्या सायकलवाल्याला वर बोलावलं होतं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायला. तुम्ही त्याला चहा पाजलात, गोड बोलून खाली पाठवलंत, आणि त्याची पावलं जिन्यावरून उतरल्यावर माझ्याकडे वळलात. "त्यो भला मानूस हाय. पन दुकान सोडून किती येळा वर येनार? पाव्हण्याला इचार. उठसूट दुसऱ्याचे डोळे मागायचे न्हाईत." एवढंच बोललात. त्यामुळे शेजारी मुलगी बसवून घेणं मला जमणार नाही. उद्या ती रजेवर गेली तर मी काय खुर्ची उबवायची?

म्हणजे नवी सिस्टीम घ्यायची, संपलं, असं तुम्ही म्हणाल. इतकं सोपं असतं तर मी आत्तापर्यंत घरी गेले नसते का? परवा मॅडमनी त्यांचं मशीन माझ्या टेबलावर आणून दिलं, त्यावर नवा आवाज लावून बघितला. बाईचा आवाज आहे. शुद्ध मराठी, मधे श्वास घेते, 'देवळाली प्रवरा' असं म्हणते की ऐकत राहावं. पण वेग वाढवला की शब्द एकमेकांना चिकटतात आणि नुसता लगदा होतो. पाहुणा कितीही पळवला तरी त्याचं अक्षर अन् अक्षर सुटं राहतं. ती पळाली की तिला धाप लागते. तेवढ्यात नेमका फोन आला. "ताई, देवळाली प्रवऱ्याहून बोलतोय. आमची तोड कवा हाय?" मी शोधतेय, बाई सावकाश वाचतेय, मी पुढे जातेय, परत मागे येतेय. "ताई, हायेत का? आज लई येळ लावला. येरवी तर माझं बोलनं सरायच्या आत सांगता." मी म्हटलं, नवीन आहे दादा, शिकतेय. "मंग जुनंच बरं हुतं की!" असं म्हणून तो हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला ते लागलं. इतक्या वर्षांनी या टेबलावर 'शिकतेय' म्हणायची पाळी आली.

थांबा, पाणी पिऊन येते.

आले. काल आईला फोन केला होता. ती आता पाथर्डीलाच असते, ऊसतोडीचा कोयता केव्हाच सुटला. मी तिला सगळं सांगितलं, तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण म्हणाली, "अगं, दर साली कारखाना नवा, रान नवं, कोपी नवी. तू कदी ठेचाळलीस का? दाराच्या उजव्या अंगाला घागर, डाव्या अंगाला चूल, तुझी वाकळ पार आतल्या कडंला. तुझ्या बापाला मी कोपी दुसऱ्या तऱ्हेनं मांडू दिली न्हाई कदी." हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. उसाच्या फडाशेजारी दरवर्षी नवं खोपट, तरी पहिल्या दिवसापासून मी उठून पाणी घ्यायचे, चुलीपासून लांब बसायचे, आणि मला वाटायचं की सगळ्यांच्याच कोप्या तशा असतात. आज मी ज्या टोळ्यांच्या तारखा सांगते, त्यांच्यातलीच मी. दरवर्षी घर बदलत वाढलेली बाई एका सिस्टीमला घाबरते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. आज सकाळी मॅडमना म्हटलं, नव्या मशीनवर माझ्या कामाची सगळी बटणं जुन्याच जागी ठेवायची. त्या म्हणाल्या, जमेल. बोटांचं भागलं. त्या आवाजातल्या बाईची धापही कमी होईल, किंवा माझा कान तिच्याशी जुळवून घेईल. चार आठवडे ऊसवाल्यांची बोलणी खाईन.

मग आता काय राहिलं? सगळे प्रश्न सुटले तरी मी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळतेय आणि सोडतेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, मशीनला जीव लावू नको. तुम्ही नाही लावलात. ब्रेलची पाटी सोडलीत, मग कॅसेट आल्या, त्याही सोडल्यात. कपाटभर कॅसेट भंगारवाल्याला देताना मीच हळहळत होते आणि तुम्ही पोत्याचं तोंड धरून उभे होतात. "यातलं घ्यायचं ते डोक्यात घेतलंय. आता काय फितीला हार घालू?" मला तेव्हा तुमचं फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, सर, निदान एक कॅसेट ठेवायला हवी होती. तुम्ही कधीतरी तिच्यावर काही बोलला असाल.

कारण शेवटच्या वर्षी तुमचा घसा गेला. ऑपरेशननंतर बोलणं बंदच झालं आणि तुम्ही मेल लिहायला लागलात. रोज एक, कधी दोन. पोरी, वेग वाढव, लाजू नको. पोरी, कुणी काहीही सांगो, कानात तेल घालायचं नाही. पोरी, साहेब ओरडला तर आधी त्याचं बरोबर आहे का बघ, मग रड. त्या सगळ्या मला पाहुणा वाचून दाखवायचा. तुम्ही गेल्यावरही मी त्या लावत राहिले, इतक्या वेळा की पाठ झाल्या. परवा त्या नव्या बाईला तुमची शेवटची मेल वाचायला लावली. तिने 'पोरी' इतकं गोड म्हटलं की दुसऱ्या ओळीलाच मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी विचारलं, काय झालं? म्हटलं, कान दुखतोय.

कान नव्हता दुखत. सर, मला तुमचा आवाज आठवत नाही. जिना आठवतो, दोरी आठवते, तुमच्या शर्टाचा खरखरीत खांदा आठवतो, सोल्यूशनचा वास आत्ता इथे यावा इतका आठवतो. पण "पाव्हणा हाय, लांबून आलाय" हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललेलं वाक्य मनात आणायला गेले की ते पाहुणाच बोलतो, नाकातून, तुटक-तुटक. जाड होता का तुमचा आवाज, बारीक होता, हसताना फाटायचा का? काही हाती लागत नाही. हे कधी झालं तेही कळलं नाही. डोळसांकडे निदान फोटो असतात. माझ्याकडे तुम्ही त्याच्या आवाजातच आहात, आणि तो सोमवारी जाणार.

मॅडम म्हणाल्या, मेल त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा की. केल्यात, सगळ्या मोबाईलमध्ये आहेत. पण रेकॉर्डिंग बोललेलंच पुन्हा बोलतं. नवं वाक्य फक्त तो जिवंत असेपर्यंतच.

सकाळी बटणांचं ठरलं तेव्हाच मॅडमना हो सांगून टाकलं, हे पत्र सुरू करण्याआधी. म्हणजे मी तुम्हाला काही विचारत नव्हते, उत्तर झालेलंच होतं. हे पत्र पाठवणारही नाही. तुमचा मेलचा पत्ता अजून माझ्या यादीत आहे, पण तिथून काही परत आलं तर ते वाचायला ती बाई असेल, आणि ते मला तिच्या तोंडून ऐकायचं नाही. खरं सांगायचं तर हे पत्र तुम्ही वाचावं म्हणून लिहिलंच नाही. तुमच्या आवाजात एकदा काहीतरी नवं ऐकायचं होतं. लिहायला दुसरं कोण होतं, म्हणून मीच लिहिलं. सुरुवातीला तुम्ही स्वतःलाच सर म्हणाल, मला हसू येईल, ते चालेल. आता वर जाते, पहिल्या ओळीवर. फोन बाजूला काढून ठेवलाय. आज हेडफोन दोन्ही कानांना लावते, आणि वेग अगदी कमी करते.

बोला पाव्हणं.