शेपूट तुटलेली कोळंबी

आगरदांडा, फाल्गुन वद्य तृतीया, १९६२

बाबांनी आज भरतीच्या पाण्यात हातभर लांब, चपट्या डोक्याचा मासा ओढला. एवढा मोठा मी आपल्या खाडीत कधी पाहिला नव्हता. पण धक्का माशाचा नाही.

बोटीवर खलाशी असलेल्या दादानं परदेशातून मऊ प्लॅस्टिकची कोळंबी आणली होती. गंमत म्हणून त्यानं ती बाबांच्या आमिषाच्या डब्यात टाकली आणि मला डोळा मारला. बाबांना मोतीबिंदू, सगळं चाचपून करतात. कोळंबीचं शेपूट दातानं तोडायचं, थुंकायचं, मग ती गळाला लावायची, ही त्यांची जन्माची सवय. म्हणे वास पाण्यात सुटतो.

माशाचा जबडा उघडला तर आत तीच, प्लॅस्टिकची. शेपूट नसलेली. दातांच्या खुणा स्पष्ट. दादा पोट धरून हसला. मीही हसले. का हसले मी?

बाबा ती बोटांत फिरवत राहिले. तुटल्या जागी अंगठा लावून म्हणाले, "मासा फसला, त्याचं काय न्हाय. पन मी चावली ना रं! मला कशी न्हाय कळली? चव बी न्हाय लागली?"

संध्याकाळी त्याच माशाचं कालवण केलं. ध्यान थाऱ्यावर नव्हतं, मीठ दोनदा पडलं. दादानं पहिल्याच घासाला ताट सरकवलं. चिमूटभर मीठ इकडचं तिकडे झालं तर आईवर ओरडणारे बाबा शेवटपर्यंत जेवले. मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "बेस झालंय, बाय."